टीव्हीच्या कपाटातली बाळंतीण

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, मौजे साखरा येथील आमच्या राहत्या घरी, ऐन श्रावणात, बुधवारी सकाळी सूर्य कासराभर वर आलेला असताना, टीव्हीच्या कपाटात मांजर व्याली. तीन पिल्लं झाली. बाळंतीण आणि बाळं सुखरूप होती. या घटनेची नोंद ग्रामपंचायतीत झाली नाही, तालुक्याला कुणी कळवलं नाही, आणि माझा धाकटा भाऊ गजू, जो आज हिंगोलीत चांगला प्रतिष्ठित माणूस म्हणून वावरतो, तो तर असं काही घडलंच नव्हतं असं सांगतो. तेव्हा इतिहासाची ही जबाबदारी माझ्यावर येऊन पडली आहे. मी पन्नाशीला टेकले आहे, शिक्षिका आहे, आणि चार माणसांत खोटं बोलते असा माझा लौकिक असला तरी या प्रकरणात मी फक्त खरं सांगणार आहे. जिथे खरं कंटाळवाणं होईल तिथे मी ते जरा नेटकं करीन, एवढंच.

आधी कपाटाविषयी. आमचा टीव्ही काळा-पांढरा होता, पण त्याचं कपाट राजेशाही होतं. गावच्या सुताराने सागवानी म्हणून ते बाभळीचं करून दिलं होतं, हे आम्हाला पावसाळ्यात त्याची दारं फुगली तेव्हा कळलं. वरच्या कप्प्यात टीव्ही आणि खालच्या कप्प्यात स्टॅबिलायझर. स्टॅबिलायझर म्हणजे एक लोखंडी पेटी. गावातली वीज कधी मरतुकडी असायची, कधी अंगावर धावून यायची. तिची समजूत घालून तिला टीव्हीपर्यंत पोचवण्याचं काम ही पेटी करायची. पुढचं बटण दाबलं की आत टक् व्हायचं, मग घोंगडीत शिरलेल्या भुंग्यासारखा आवाज सुरू व्हायचा आणि मिनिटभराने वर चित्र उगवायचं. पेटी चांगली ऊबदार असायची. सुताराने कपाटाला मागची फळी लावलीच नव्हती, वायरी जायला बरं म्हणाला. त्या उघड्या पाठीतून बिजली आत शिरली आणि पेटीच्या पुढ्यात, नेमकी बटणाला पाठ लावून, बाळंत झाली. बिजली हे आमच्या मांजरीचं नाव. घरात वीज आली त्याच आठवड्यात तीही आली, आणि दोघींचं वागणं सारखंच होतं. आता माझ्या हिंगोलीच्या घरातलं मांजर वायफायच्या डबीवर झोपतं. मांजरांना काळ कळत नसेल, पण ऊब कुठे आहे हे त्यांना आपल्याआधी कळतं.

घरात आम्ही पाच माणसं. बाबा जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. उधळलेल्या बैलाच्या नाकात हात घालून त्याला उभा करणारा माणूस, पंचक्रोशीत त्यांच्या हाताचं नाव होतं. आई कमल. तिने कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही. भाजीत मीठ कमी असलं तरी ती ते मागायची नाही, पुढचा घास जरा मोठा करायची. मी वंदना, वय बारा, आणि गजू, वय सहा, ज्याचं कुणी ऐकत नसे. आणि सरूआत्या.

सरूआत्या बाबांची थोरली बहीण. तिला आई-बाबा आक्का म्हणत. लग्न होऊन ती कळमनुरीकडच्या एका गावी गेली होती आणि माझ्या जन्माच्या आधी कधीतरी, एका दुपारी, पत्र्याची पेटी घेऊन एकटीच परत आली होती. का आली हे घरात कुणी विचारत नसे आणि ती सांगत नसे. ती उंच होती, आवाज दणदणीत होता, आणि घरात काय चालतं आणि काय चालत नाही हे तीच ठरवायची. मला तेव्हा ती या घराची मालकीण वाटायची. आता मागे वळून पाहते तेव्हा दिसतं की शेत बाबांच्या नावावर होतं, स्वयंपाकघर आईचं होतं, माजघर सगळ्यांचं होतं, आणि आत्याचं स्वतःचं असं एकच ठिकाण होतं, ते म्हणजे देवघर. चुलीमागची अडीच हाताची ती कोनाड्याएवढी खोली. तिथे दुसऱ्या कुणी पाय ठेवायचा नाही. देव तिनेच धुवायचे, दिवा तिनेच लावायचा, आणि खाली वेताच्या टोपलीत तिचं सोवळ्याचं रेशमी पातळ घडी घालून ठेवलेलं असायचं.

आता विमलचं सांगते. सोमवारी दुपारी अडीच वाजता एक मालिका लागायची. तिचं खरं नाव घरात कुणी घेत नसे, सगळ्या बाया तिला 'विमलची शिरेल' म्हणत. विमलला नवऱ्याने घराबाहेर काढलेलं असतं. मग ती दोन लेकरं घेऊन या दारातून त्या दारात जाते. मामाकडे, मावशीकडे, मैत्रिणीकडे, भावाकडे. प्रत्येक ठिकाणी पहिल्या दिवशी चहा मिळतो आणि चौथ्या दिवशी टोमणा. कथा म्हणून यात काही नव्हतं, पण आमच्या माजघरात अडीच वाजता गल्लीतल्या बाया दाटीवाटीने बसत आणि विमल कुणाच्या दाराशी उभी राहिली की सगळ्या जणी आपापल्या ओळखीची तसली दारं आठवून सुस्कारे टाकत. आई सगळ्यांच्या मागे, खांबाला टेकून बसायची. अर्धा तास ती कुणाची नसायची. मी पाणी मागितलं तरी तिला ऐकू जायचं नाही.

आत्याला ही मालिका मुळीच पसंत नव्हती. "नवरा सोडून हिंडणाऱ्या बाईचं काय पाहाचं? पाहाचं तर एखादं देवाधर्माचं पाहा," असं ती दर सोमवारी सव्वादोनला जाहीर करायची. मग सुपात तुरीची डाळ घेऊन ती माजघरातच बसायची, टीव्हीकडे पाठ आणि भिंतीकडे तोंड करून. तिच्या मते हा निषेध होता. मी त्या वयात लोकांच्या पाठी पाहण्यात पटाईत होते, म्हणून सांगते, विमलचं पोरगं तापाने फणफणलं त्या सोमवारी सुपातला हात पुष्कळ वेळ एकाच जागी थांबला होता. त्या वर्षी आमच्या वरणात एकदाही खडा लागला नाही. एकच डाळ किती वेळा निवडावी याला काही सुमार असतो.

तर मालिका संपायला आली. शेवटचा भाग पुढच्या सोमवारी, असं टीव्हीवर सांगितलं गेलं. कथा अशा ठिकाणी आली होती की विमलच्या हातात नवऱ्याचं 'परत ये' असं पत्र आहे, आणि समोर तिच्या मेलेल्या आई-वडिलांचं बंद घर आहे, ज्याची चावी भावाने चुलत्याकडे ठेवली आहे. आता ही कुठे जाणार? गल्लीतल्या बायांत दोन तट पडले होते. आणि नेमक्या त्याच सोमवारी आत्याने औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जायचं ठरवलं. श्रावणी सोमवार, जीप सांगून झालेली, शेजारची मंडळी ठरलेली. आमच्या घरातली ही वर्षातली एकुलती एक सहल. पहाटे साबुदाणा भिजवायचा, लहान पोरांसाठी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी, मोठ्यांसाठी राजगिऱ्याचे लाडू, आणि जीपमध्ये मांडीवर मांडी ठेवून सेनगाव, हिंगोली करत औंढ्यापर्यंत. मला त्यातलं सगळं आवडायचं. जीपमध्ये उलटी होणंसुद्धा त्या दिवसाचा भाग वाटायचा.

हे ठरलं त्या दिवशी आईने तव्यावरची भाकरी उलटता उलटता विचारलं, "आक्का, त्याच्या पुढच्या सोमवारी गेलं तर जमतंय का?"

आत्या म्हणाली, "देवाला काय सांगू? विमलबाईचं आवरलं की येतो म्हणून?"

भाकरी त्या दिवशी जरा करपली. आईच्या हातची भाकरी करपणं ही आमच्याकडे फार मोठी बातमी होती, पण ती माझ्याशिवाय कुणी वाचली नाही.

आणि मग बुधवारी बिजली व्याली. मीच पाहिलं. कपाटाचं खालचं दार उघडलं तर आत अंधारात दोन डोळे, आणि तिच्या पोटाशी तीन ओल्या काड्यापेट्यांएवढे जीव. मी ओरडले, सगळे धावले. बाबांनी बाह्या सरसावल्या. "सरका, हे माझं काम हाय," म्हणाले, आणि बैलाच्या नाकात जाणारा तो नामांकित हात त्यांनी कपाटात घातला. पुढे काय झालं ते मला नीट दिसलं नाही, इतकं ते भरभर झालं. बाबांनी हात बाहेर काढला तेव्हा त्यावर मनगटापासून कोपरापर्यंत चार समांतर रेघा होत्या. नंतर त्यांनी दवाखान्यातलंच गुरांचं जांभळं औषध लावलं आणि आठवडाभर लोकांना 'गोऱ्ह्यानं शिंग मारलं' असं सांगितलं.

आत्याचा निकाल तिथेच उभ्या उभ्या लागला. "दत्ता, हात घालू नको आता. बाळंतिणीच्या खोलीत गडीमाणसानं जाऊ न्हाई."

"आक्का, मांजर हाय ती."

"मंग? तिला काय कळा आल्या न्हाईत? पिल्लांचे डोळे उघडोस्तोवर कपाट बंद. उजेड न्हाई, आवाज न्हाई. टीव्ही कुणी लावाचा न्हाई."

मी आईकडे पाहिलं. आईच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. पिल्लांचे डोळे उघडायला आठ-दहा दिवस लागतात हे ड्रेसरच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. सोमवार पाच दिवसांवर होता. तुम्ही म्हणाल, शेजारी जाऊन पाहायचं. गावात तेव्हा आणखी दोनच टीव्ही होते. एक दुरुस्तीला हिंगोलीला गेलेला, आणि दुसरा जमीनदाराच्या बैठकीत, जिथे दुपारी गडीमाणसं पत्ते कुटत बसत. तिथे कमलबाई विमलबाईला पाहायला जाणं शक्य नव्हतं. म्हणजे आई औंढ्याला गेली तरी विमल गेली, आणि घरी राहिली तरी गेली.

इथे माझ्या आईने आयुष्यातली पहिली राजकीय चाल केली. संध्याकाळी ती अंगणात दळण पाखडत होती, आत्या वाती वळत होती. आई अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आक्का, एक इचारू का? गाय व्याली की दहा दिवस तिचं दूध देवाला चालत न्हाई ना?"

"न्हाईच चालत."

"ती तर गोठ्यात व्याती. ही तर माजघरात व्याली. मंग घराला सोयर धराचं का न्हाई?"

"धराचंच की," आत्या म्हणाली, आणि तिच्या बोटातली वात अर्धवट वळलेली तशीच राहिली. कारण सोयर असलेल्या घराने दहा दिवस देवळाची पायरी चढायची नसते, हे सगळ्या गल्लीला आत्यानेच शिकवलं होतं. जन्माचं ते अशौच माणसाला असतं, मांजरीला असतं असं कुठे लिहिलेलं नाही. पण बाळंतिणीची खोली, गडीमाणसाचा हात, हे सगळं आत्यानेच काढलं होतं. आता मांजर बाळंतीण असेल तर औंढा गेलं, आणि बाळंतीण नसेल तर कपाट उघडलं पाहिजे. आई पाखडत राहिली. कोंडा उडत होता.

पुढचा दीड दिवस घरात शास्त्रार्थ चालला. आत्या जेवताना मध्येच थांबायची, ओठ हलवायची, पुन्हा जेवायची. मला तिची दया येत नव्हती, कारण त्या वयात दया फार कमी येते. मला फक्त पुढे काय होतं ते पाहायचं होतं. शुक्रवारी सकाळी तिला वाट सापडली. तिने सगळ्यांना माजघरात उभं केलं आणि विचारलं, "सोयर असतंय घरच्या माणसाला. आता ही मांजर कुणाची, बराबर सांगा."

"माझी न्हाई," बाबा लगेच म्हणाले आणि जांभळा हात पाठीमागे नेला.

"माझी हाय," गजू म्हणाला.

"तू लहान हायस, तुला सोयर लागत न्हाई. दूध कोण घालतंय तिला?"

"मी घालते," आई म्हणाली.

"झालं मंग. सोयर कमलला. कमल घरी राहील, बाकीचे औंढ्याला." आत्याने एवढं म्हणून विजयाने आमच्याकडे पाहिलं. आईने मान खाली घातली होती, पण मी तिच्या मागे उभी होते, आणि तिचे खांदे एकदाच, हसू गिळताना हलतात तसे हलले. मी त्याच क्षणी पुढे झाले आणि कबूल केलं की बशी मी ठेवते, म्हणजे अर्धी मांजर माझीही आहे. आत्या माझ्याकडे बघत राहिली. "काहून वं? तुला तर औंढ्याच्या पेढ्याचं लई येड व्हतं." पण शास्त्र ते शास्त्र. मात्र आत्या काही खुळी नव्हती. जाता जाता ती वळली आणि म्हणाली, "पिल्लांना हात लावाचा न्हाई. बिजलीला उठवाचं न्हाई. ध्यानात ठेव कमल."

"न्हाई लावत, आक्का," आई म्हणाली.

रविवार हा पिल्लांचा पाचवा दिवस. आमच्याकडे लेकरू जन्मलं की पाचव्या दिवशी सटवाई येऊन त्याच्या कपाळावर नशीब लिहिते, म्हणून तिच्यासाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. गजूने हट्ट धरला की पिल्लांचीही पाचवी करायची. दिवेलागणीच्या आधी मी वहीतला कागद फाडून पेन्सिलीसह टीव्हीच्या कपाटावर ठेवला. आत्या रागावेल असं वाटलं होतं. ती आली, कागद पाहिला, पेन्सिलीचं टोक बोटाने चाचपलं, आणि चुलीजवळच्या विळीवर त्या पेन्सिलीला नीट टोक करून पुन्हा तिथेच ठेवली. इतक्या वर्षांनी आत्याची आठवण येते तेव्हा मला तिचा दणदणीत आवाज आठवत नाही. ती टोक केलेली पेन्सिल आठवते. ती गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. शेवटी शेवटी तिला दिसत नव्हतं, पण टीव्ही लावा म्हणायची आणि भिंतीकडे तोंड करून ऐकत बसायची.

आता एक गुन्हा कबूल करते. सटवाई यायच्या आधी त्या कागदावर मी लिहिलं. माझं अक्षर सुंदर होतं. लिहिलं असं: 'सोमवारी दुपारी अडीचच्या आत जागा बदलावी.' आणि कागदाची घडी घालून ठेवली. सटवाईवर माझा विश्वास होता, फक्त तिला आमच्या घरातली परिस्थिती माहीत असेल याची खात्री नव्हती.

सोमवारी सकाळी जीप आली. आत माणसं, टपावर पिशव्या. ड्रायव्हर सगळ्यांना "आगे सरको, और आगे सरको" म्हणत होता आणि पुढे सरकायला जागा नव्हती. आत्या नवं हिरवं लुगडं नेसून पुढच्या सीटवर बसली, मांडीवर बेलाची पिशवी. गजू खिडकीतून हात हलवत होता. जीप पुलापलीकडे दिसेनाशी झाली आणि घरात असा शुकशुकाट झाला की कपाटातून पिल्लांचं चुकचुक दूध पिणं ऐकू येऊ लागलं. आईने भांडी घासली, अंगण सारवलं, न्हाली, केस पुसले. घड्याळात एक वाजला, दीड वाजला. मग तिने कपाटाचं खालचं दार उघडलं, समोर पाट मांडला आणि त्यावर मांडी घालून बसली. हातात काही नाही. नुसती बसली आणि बिजलीकडे बघायला लागली.

"आई, काय करून राहिलीस?"

"पाहून राहिले."

"कुणाला?"

"हिला." तिने नजर हलवली नाही. "हात लावू नको म्हणल्या आक्का. उठवू नको म्हणल्या. पाहू नको असं म्हणल्या का?"

मला मग कळलं. मांजरीच्या पिल्लांकडे कुणी सारखं बघायला लागलं की ती जागा बदलते, सात घरं फिरवते म्हणतात. खेड्यातल्या प्रत्येक बाईला हे ठाऊक असतं. आई ज्या धीराने डाळ शिजायची वाट बघायची, त्याच धीराने ती बघत होती. बिजलीने आधी तोंड फिरवलं. मग आईकडे पाहिलं. मग पुन्हा तोंड फिरवलं. दोन बाया समोरासमोर बसून एकमेकींचा अंत पाहत होत्या. दोन वाजून गेले. बिजलीची शेपटी हलू लागली. दोन वाजून दहा मिनिटांनी ती उठली, एका पिल्लाची मान तोंडात धरली आणि कपाटाच्या उघड्या पाठीतून बाहेर पडली. परत आली, दुसरं नेलं. परत आली, तिसरं नेलं. जाताना तिने आईकडे जे पाहिलं ते मी नेटकं करूनही इथे लिहू शकणार नाही. सटवाईने माझं अक्षर मान्य केलं होतं.

"गेली कुठं बघ," आई म्हणाली. मी मागोमाग गेले आणि चुलीमागे जाऊन थांबले. देवघराचं दार किलकिलं होतं. आत, वेताच्या टोपलीत, आत्याच्या सोवळ्याच्या रेशमी पातळावर, बिजली तिन्ही पिल्लांना पोटाशी घेऊन आडवी झाली होती. वर देव रांगेने उभे होते आणि सगळे तिच्याकडेच बघत होते असं मला वाटलं.

आई आली. तिने देवघराकडे पाहिलं, मग माजघरातल्या घड्याळाकडे पाहिलं, मग पुन्हा देवघराकडे. "आधी विमल," म्हणाली.

टक् झालं, भुंगा बोलू लागला, चित्र उगवलं. आम्ही दोघीच होतो; गल्लीतल्या निम्म्या बाया औंढ्याला गेलेल्या, आणि उरलेल्यांना आमचा टीव्ही बंदच आहे असं ठाऊक होतं. आई खांबाला टेकली नाही. पाटावर, अगदी समोर बसली. विमल बंद घरासमोर उभी होती. चुलत्याने निरोप पाठवला होता की चावी हवी असेल तर दादल्याची परवानगी आण. भावाने पत्र पाठवलं होतं की आधी विचार करायचा होतास. मला वाटलं, आता नवरा येणार, रडणार, माफी मागणार. तो आलाच नाही. विमलने लेकरांना ओट्यावर बसवलं, नवऱ्याचं पत्र त्यांच्या शिदोरीखाली कागद म्हणून अंथरलं, वाटेवरचा एक दगड उचलला आणि कुलपावर घातला. तीन घावांत कुलूप तुटलं. ती आत गेली, एक खिडकी उघडली आणि संपलं. मी फार निराश झाले. आई उठली, बटण बंद केलं, कपाटाची दारं लावली, वरचं विणलेलं झाकण होतं तसं सरळ केलं. डोळे कोरडे होते. "बराबर केलं तिनं," एवढंच म्हणाली, आणि मग दोघींना एकदमच देवघराची आठवण झाली.

बिजली जागची हलेना. आईने दूध ठेवलं, ती प्यायली आणि पुन्हा आडवी झाली. पिल्लं उचलायला सूप पुढे केलं तर तिने पंजा उगारून बाबांच्या हाताची आठवण करून दिली. बघत बसायचा उपाय आता चालेना. तिने आईकडे ढुंकून पाहिलं नाही. आई स्वयंपाकघरात फेऱ्या घालत पुटपुटत होती, "आपली आपणच गेली, आक्का. आपली आपणच." ते खरंही होतं. पण आत्याचं सोवळं, आत्याचे देव, आत्याची तेवढी एकच जागा, आणि तिथे आत्यानेच बाळंतीण ठरवलेली मांजर. मला खात्री होती की रात्रीच्या आत पिल्लं पावसात गोठ्यामागे जाणार आणि आई पुन्हा कधी विमलचं नाव काढणार नाही.

जीप पाचला यायची ती दिवे लागल्यावर आली. बाबा म्हणाले, औंढ्यात आक्काचे पाय दुखले, म्हणून बसावं लागलं. गजूने पेढ्याचा पुडा माझ्या हातात कोंबून तक्रार केली, "आत्यानं दुपारच्याला साड्याच्या दुकानात लई येळ बसवलं. रंगीत टीव्हीवालं दुकान हाय ते. दुकानवाला साड्या उघडून उघडून दमला, आन आत्यानं एक झंपराचं कापड घेतलं."

"गर्दी लई व्हती," आत्या म्हणाली. कुणी काही विचारलं नव्हतं. तिने पाय धुतले, प्रसादाचा नारळ आणि बेल घेतला आणि देवघराकडे निघाली. आई तिच्या मागे, आईच्या मागे मी. "आक्का, ते बिजली," आई म्हणाली तोवर आत्याने दार ढकललं होतं.

ती उंबऱ्यावर थांबली. हातातला नारळ तसाच. टोपलीतून बिजलीने डोळे वर केले आणि एकदाच, हळू आवाजात, गुरगुरली. बाहेरून बाबांनी डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "अरे बापरे. सरक आक्का, मी सुपात घालून गोठ्यात नेऊन ठेवतो." त्यांनी जांभळा हात पुढे केला. आत्याने आपला हात आडवा धरला. तिने आमच्याकडे तोंड फिरवलं नाही. तिची पाठ आमच्याकडे होती, जशी दर सोमवारी टीव्हीकडे असायची. मग तिच्या तोंडून, स्वतःलाच सांगावं तसं, पण तिच्या नेहमीच्या दणदणीत आवाजात, निघून गेलं:

"हात लावू नको, दत्ता. राहू दे तिला तिथंच. इमलनं तरी कुलूप तोडताना कुणाला इचारलं व्हतं?"